खर्जाचा शोध : मिरजेचा भोपळा ते मिरवणुकीतली ‘डॉल्बी’

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ‘डॉल्बी’ म्हणजे काय हे शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा ट्रकवर रचलेली, माणसाहून उंच अशी लाऊडस्पीकरच्या खोक्यांची भिंत म्हणजे डॉल्बी. ती वरातीत असते, विसर्जनात असते, आणि दोन गल्ल्या पलीकडे असली तरी कानाआधी छातीला कळते. गाणे कोणते चालले आहे हे समजत नाही. समजतो तो फक्त ‘धम् धम्’ असा ठोका.

गंमत अशी, की डॉल्बी हे मुळात एका माणसाचे आडनाव आहे आणि त्या माणसाने नाव कमावले ते आवाज वाढवून नव्हे, तर नको असलेला आवाज कमी करून. रे डॉल्बी (१९३३-२०१३) हे अमेरिकन अभियंते. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात, चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत काम करीत होते. फावल्या वेळात ते भारतीय संगीत टेपवर ध्वनिमुद्रित करीत. टेपवर गाण्याच्या मागे सतत एक ‘स्स्स्’ असा फुसफुसाट येतो आणि गाणे जेव्हा हळू होते, तेव्हा तो विशेष जाणवतो. यावर त्यांनी तोड काढली. हळू आवाज ध्वनिमुद्रणाच्या वेळी मुद्दाम चढवून नोंदवायचे आणि ऐकवताना तेवढेच उतरवायचे. उतरवताना टेपचा फुसफुसाटही आपोआप उतरतो. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली कंपनी काढली, ती याच युक्तीच्या जोरावर. पुढे हे तंत्र चित्रपटांत आले, थिएटरांच्या जाहिरातींत ‘डॉल्बी’ हे नाव ठळक अक्षरांत झळकू लागले आणि मोठा, दणदणीत आवाज म्हणजे डॉल्बी असे समीकरण आपल्याकडे रूढ झाले असावे, असा आमचा तर्क आहे. मिरवणुकीतल्या भिंतींशी त्या कंपनीचा काडीचाही संबंध नाही.

परंतु नाव चुकीचे असले तरी या भिंतीत एक शंभर वर्षांचा शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. खालचा स्वर, ज्याला आपण खर्ज म्हणतो, तो यंत्रातून काढायचा कसा? दिवाणखान्यातल्या उंची स्टीरिओ संचाला जेव्हा कोणी ‘सबवूफर’ नावाचे जादा खोके जोडतो, तेव्हा तोही याच प्रश्नाचे उत्तर विकत घेत असतो. आणि या प्रश्नाचे यंत्रयुगापूर्वीचे एक सुंदर उत्तर सांगली जिल्ह्यातच, मिरजेला, आजही तयार होते.

मिरजेचा भोपळा

‘षड्ज’ या शब्दाचेच ‘खर्ज’ हे रूप. व्यवहारात मात्र खर्ज म्हणजे मध्य षड्जाच्या खालचा, मंद्र सप्तकातला षड्ज, आणि तंबोऱ्याची तो देणारी चौथी जाड तार. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, म्हणजे दर सेकंदाला १३९ कंपने. त्याच्या तंबोऱ्यात मधल्या दोन तारांची जोड या १३९ वर लावतात, पहिली तार पंचमाची म्हणजे सुमारे १०४ वर, आणि खर्जाची तार जोडीच्या बरोबर निम्म्यावर, ६९ च्या आसपास. हे ६९ हर्ट्झ आपण लक्षात ठेवू. लेखात ते पुन्हा भेटणार आहेत.

मिरजेतील तंतुवाद्यांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. शस्त्रांची दुरुस्ती, शिकलीकाम करणाऱ्या घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर यांच्याकडे या परंपरेचे मूळ नेले जाते. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारी गवयांचा राबता होता. वाद्ये उत्तरेतून येत आणि मोडली की दुरुस्त कोण करणार हा प्रश्न पडे. तलवारीची मूठ बसवणाऱ्या हातांनी तंबोऱ्याची दांडी बसवली आणि बघता बघता ते एका गल्लीचे, मग एका गावाचे नाव झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तंबोऱ्याचा भोपळा साधा नव्हे. कडू, जाड सालीचे, मोठ्या घेराचे हे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. वाळवून, कापून, पाण्यात भिजवून, आतून साफ करून त्याला आकार देतात, त्यावर लाकडाची तबली बसवतात आणि तबलीवर घोडी. तार ही इतकी बारीक वस्तू आहे की ती एकटी हवेला फारशी ढकलूच शकत नाही. हवा तिच्या अवतीभवतीने निसटून जाते. तारेचे कंपन घोडीतून तबलीत उतरते, तबली मोठी असल्याने ती हवेला हलवते, आणि आतली कोंडलेली हवा व भोपळ्याची भिंत तबलीच्या कंपनात भाग घेतात. म्हणजे भोपळा स्वतःची कोणतीही शक्ती घालत नाही. तारेत बोटाने साठवलेली थोडीशी ऊर्जा हवेत पोचवण्याचे काम तो अधिक चांगले करतो, इतकेच. हा मुद्दा वर्गात आग्रहाने सांगावा. ‘भोपळ्यामुळे आवाज वाढतो’ एवढेच लिहून अनेक पाठ्यपुस्तके थांबतात आणि विद्यार्थ्याला ऊर्जा कोठून आली हा प्रश्न पडत नाही.

आता एक हिशेब करू. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. ६९ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी ३४५ भागिले ६९, म्हणजे बरोबर ५ मीटर. मोठ्या पुरुषी तंबोऱ्याचा भोपळा रुंदीला दीड फुटाच्या आसपास. पाच मीटरची लाट दीड फुटाच्या वस्तूने उठवणे म्हणजे तळ्यात चमच्याने लाटा काढण्यासारखे आहे. तेव्हा तंबोऱ्याच्या आवाजात ६९ हर्ट्झचा मूळ स्वर फार दुबळा असला पाहिजे, आणि तसा तो असतोही. मग मैफलीत तो घनगंभीर खर्ज आपल्याला ऐकू येतो कसा?

नसलेला स्वर

विसाव्या शतकाच्या आरंभी सांगली-सातारा-मिरज हा टापू ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने मोठा जागता होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे मोजमाप करायचे ठरवले, सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांच्याबरोबर होते आणि प्रयोगांसाठी गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. देवलांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले, क्लेमंट्सचे १९१३ साली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या श्रुतींवरून भातखंडे आणि ही मंडळी यांच्यात खडाजंगी झाली. श्रुतींच्या वादात आपण शिरत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की गवयाच्या गळ्यातला स्वर तारेच्या लांबीवर मोजून आकड्यात मांडावा ही कल्पना येथे कोणी परक्या विद्यापीठाने आणलेली नव्हती.

तंबोऱ्याचे गूढ मात्र कलकत्त्यात उकलू लागले. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर अवघ्या काही पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. नोबेल पारितोषिकाला अजून नऊ वर्षे होती. थॉमस यंगच्या नियमानुसार तार जेथे छेडावी, तेथे ज्या संनादी स्वराचा निस्पंद बिंदू येतो तो संनादी स्वर आवाजात उमटता कामा नये. उदाहरणार्थ, तार मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे संनादी गैरहजर हवेत. रामन यांना दिसले, की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत; गैरहजर असायला हवेत ते संनादी स्वर तेथे खणखणीत हजर असतात. कारण घोडीत होते. पाश्चात्त्य वाद्यांत तार एका धारदार कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते, तिच्यावर तार कंपनाच्या प्रत्येक फेऱ्यात टेकते नि सुटते, आणि तारेखाली सरकवलेला तो सुताचा बारीक धागा हे टेकणे नेमके जुळवून देतो. यालाच आपण जवारी म्हणतो. जवारीमुळे मूळ स्वरातली ऊर्जा सतत वरच्या संनादींकडे वळवली जाते. खर्जाची तार ६९ पेक्षा १३८, २०७, २७६, ३४५ अशा पटींत अधिक बोलते, आणि या कंप्रता दीड फुटी भोपळा सहज हवेत पोचवू शकतो.

एवढ्याने अर्धेच कोडे सुटते. वरचे संनादी भरपूर आहेत, ठीक. पण खालचा ६९ चा स्वर आपल्याला जाणवतो का? याचे उत्तर कानाच्या मागे, मेंदूत आहे. १८४१ साली झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने भोकांच्या फिरत्या चकतीवर हवा फुंकून प्रयोग केले आणि मूळ कंप्रता जवळजवळ नसतानाही कानाला मूळ स्वरच ऐकू येतो असे दाखवले. त्याला विरोध केला तो जॉर्ज ओहम यांनी. होय, विद्युत्‌रोधाच्या नियमाचे तेच ओहम. जी कंप्रता आवाजात नाही ती कानाला ऐकू येणार नाही, असा त्यांचा दावा. पुढे हेल्महोल्ट्झसारखा दिग्गज ओहमच्या बाजूने उभा राहिल्याने झेबेक शंभर वर्षे मागे पडले. १९४० च्या सुमारास हॉलंडमध्ये स्कूटेन यांनी प्रयोग करून झेबेकच्या बाजूने कौल दिला. १३८, २०७, २७६ हे आकडे कानी पडले, की ते सारे ६९ च्या पटीत आहेत हे मेंदू ओळखतो आणि ६९ ची उंची स्वतःच पुरवतो.

हा प्रयोग वर्गात दोन मिनिटांत होतो. मोबाइल फोनवर पुरुषी पट्टीतल्या तंबोऱ्याचा आवाज लावावा. फोनचा स्पीकर नखाएवढा. ३०० हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ मुका असतो. तरीही खर्जाची तार आली की मुले तिला ‘खालचा सा’ म्हणून बरोबर ओळखतात. मग तोच आवाज चांगल्या हेडफोनवर ऐकवावा. स्वराची उंची तीच राहते, पण आता त्याला वजन येते. उंची आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सबवूफर विकत घेणारा माणूस उंचीसाठी नव्हे, वजनासाठी पैसे मोजतो. १९६३ साली आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले तेव्हापासून खेडोपाडीच्या ट्रान्झिस्टरवर सकाळी जी संकेतधून वाजे, तिच्या मागे तंबोराच होता. चार इंची स्पीकरने खर्ज कधीच दिला नाही. ऐकणाऱ्यांनी तो आपल्या पदरचा घातला.

कर्णा, कागद आणि खोके

यंत्राच्या बाजूने पाहिले तर सुरुवात फारच गरिबीची होती. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. गवई एका कर्ण्यात तोंड घालून गाई, कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरे आणि सुई मेणात रेघ कोरी. या पद्धतीत साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा नोंदला जाई. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या तबकड्या अशाच आहेत. त्यांत तंबोरा शोधावाच लागतो.

१९२५ साल क्रांतीचे. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि त्याच वर्षी चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अभियंत्यांनी ज्या लाऊडस्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याची मूळ रचना आजतागायत बदललेली नाही. चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे, त्याला चिकटवलेला कागदी शंकू. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते पुढेमागे सरकते आणि शंकू हवेला ढकलतो. नववीच्या मुलाला विद्युत्‌चुंबकीय बल शिकवताना याहून चांगले उदाहरण नाही. जुना फुटका स्पीकर उघडून दाखवावा.

पण खर्जाच्या वाटेत दोन धोंडी होती. पहिली अशी, की शंकू पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. तरंगलांबी शंकूच्या मानाने मोठी असेल तर दाबलेली हवा सरळ वळसा घालून मागे जाते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना मारतात. उघडा स्पीकर हातात धरून वाजवला की तो किनरा, पोकळ वाटतो, तो यामुळेच. त्याच्याभोवती भोक पाडलेला मोठा पुठ्ठा धरा, खालचे स्वर एकदम प्रकट होतात. मागची बाजू कोंडण्यासाठीच खोके आले.

दुसरी धोंड अधिक अवघड. ठराविक जोराचा आवाज काढायचा तर कंप्रता निम्मी झाली की शंकूची हालचाल चौपट करावी लागते. १६० हर्ट्झला शंकू ०.२ मिलिमीटर हलून भागत असेल, तर ८० ला ०.८, ४० ला ३.२ आणि २० ला जवळजवळ १३ मिलिमीटर हलावा लागेल. म्हणून खर्जासाठी मोठा शंकू, लांब पल्ल्याचे वेटोळे आणि भरपूर वीज लागते. सबवूफरची किंमत कशात जाते याचे उत्तर या एका वर्गव्यस्त प्रमाणात आहे.

खोक्याची कथाही रंजक आहे. खोके पूर्ण बंद केले तर आतली हवा स्प्रिंगसारखी शंकूला मागे ढकलते. बेल प्रयोगशाळेतील थुरास यांनी खोक्याला मुद्दाम एक नळी ठेवली; त्यांचे पेटंट १९३२ चे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकले की एक जाड ‘भूँ’ निघतो. बाटलीच्या मानेतली हवा वजन आणि पोटातली हवा स्प्रिंग. हाच हेल्महोल्ट्झचा अनुस्पंदक. थुरास यांनी शंकूच्या मागची वाया जाणारी ऊर्जा या बाटलीला फुंकायला लावली. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी उलट वाट धरली. शंकूची स्वतःची कडक दोरी सैल केली आणि लहानशा बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. कपाटाएवढे खोके पुस्तकांच्या फळीवर बसू लागले. परंतु खोके किती खोल, कोणत्या स्पीकरला कोणते, हे सारे अजून सुताराच्या अंदाजावर चाले. ते गणितात बसवले ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली. त्यांनी खोक्यातील हवा, नळी आणि शंकू यांची विद्युत्‌मंडलाशी तुलना केली. रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतर ते काम पुरे केले. आता कोणत्याही गावचा कारागीर स्पीकरच्या पत्रकातले चार आकडे घेऊन खोक्याची मापे काढू शकतो, आणि आपल्या भागातले ‘बेस’ बांधणारे तसे करतातही.

एक गोष्ट मात्र गणितानेही सुटली नाही. लहान खोके, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. मिरजेचा कारागीर हे दीडशे वर्षांपूर्वी ओळखून होता, असे म्हणायला हरकत नाही. त्याच्याकडे वीज नव्हतीच. म्हणून त्याने भोपळा शक्य तितका मोठा निवडला आणि उरलेले काम जवारीवर सोपवले.

घरातला खर्ज

सबवूफर ही चित्रपटाची देणगी. १९७४ च्या भूकंपावरील एका अमेरिकन चित्रपटासाठी थिएटरांत प्रचंड खोकी आणून प्रेक्षकांची आसने हादरवण्यात आली. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिलिमीटर प्रतींत केवळ खालच्या स्वरांसाठी वेगळा पट्टा आला, त्यामागे डॉल्बी कंपनी होती. १९९२ पासून डिजिटल ध्वनीत पाच मुख्य वाहिन्या आणि १२० हर्ट्झपर्यंतच्या आवाजासाठी एक अपुरी वाहिनी अशी ‘५.१’ची मांडणी रूढ झाली. तेथून सबवूफर घरात शिरला.

घरातल्या संचात सामान्यतः ८० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सबवूफरकडे वळवतात. तेथे तरंगलांबी चार मीटरच्या वर असते, दोन कानांना पोचणाऱ्या लाटेत फरक उरत नाही आणि आवाज कोठून आला हे कान सांगू शकत नाही. म्हणून खोके कोपऱ्यात लपवता येते. पण नेमकी येथेच नवी अडचण उभी राहते. दोन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्ये लाटा जातात-येतात आणि स्थिर तरंग तयार होतो. पाच मीटर लांबीच्या खोलीत पहिला स्थिर तरंग ३४.५ हर्ट्झचा आणि दुसरा त्याच्या दुप्पट, म्हणजे ६९ चा. काळी एकचा खर्ज! या खोलीत दोन्ही टोकांच्या भिंतींशी आणि मध्यावर खर्ज घुमेल, आणि भिंतीपासून सव्वा मीटरवर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला तो जवळजवळ ऐकूच येणार नाही. तो बिचारा आवाज वाढवत जाईल आणि भिंतीपलीकडचा शेजारी तक्रार करत येईल. महाग संच घेऊन ‘बेस येत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांतले निम्मे चुकीच्या जागी बसलेले असतात, असे आमचे मत आहे.

यावर जुना उपाय मजेदार आहे. सबवूफर आपल्या खुर्चीवर ठेवावा, एकच खालचा स्वर लावावा आणि आपण जमिनीवर रांगत खोलीभर फिरावे. जेथे स्वर स्वच्छ, नेमका ऐकू येईल तेथे सबवूफर ठेवावा. स्रोत आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, हा लॉर्ड रॅले यांचा व्युत्क्रमाचा नियम त्यामागे आहे. दुसरा उपाय एकाऐवजी दोन सबवूफर ठेवण्याचा. पहिल्या स्थिर तरंगात एका भिंतीशी दाब वाढतो तेव्हा समोरच्या भिंतीशी तो कमी होतो. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सारखे सबवूफर एकाच वेळी ढकलू लागले, तर ते या तरंगाला उठूच देत नाहीत. टॉड वेल्टी यांनी २००२ साली अशा अनेक मांडण्यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. दोन सबवूफर घेणे म्हणजे दुप्पट दणका, असा दुकानदारांचा समज असतो. खरा लाभ आवाज खोलीभर सारखा पसरण्यात आहे.

आणि जुन्या तबकड्यांच्या शौकिनांना एक सूचना. खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या, विजेवर ध्वनिमुद्रित झालेल्या तबकड्या ऐकताना सबवूफर बंद ठेवावा. त्या तबकड्यांच्या तळाशी खर्ज फारसा नाही. तेथे आहे ती तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची घरघर, आणि सबवूफर ती इमानेइतबारे ऐकवतो.

रस्त्यावरचा खर्ज

पुन्हा ट्रॉलीकडे वळू. तेथे खोक्यांची भिंत का रचतात? दोन सारखी खोकी चिकटून ठेवली आणि तरंगलांबी त्यांच्या आकाराहून मोठी असली, तर दोघांचा दाब सरळ मिळवला जातो आणि समोरची ध्वनितीव्रता दुप्पट नव्हे, चौपट होते. चार खोक्यांनी सोळापट. हा लाभ खालच्याच स्वरांना मिळतो. शिवाय भिंत किंवा खिडकी वरचे स्वर अडवते पण खालचे सोडते. कंप्रता निम्मी झाली की भिंतीचा अडसर सुमारे ६ डेसिबलने घटतो. घरातल्या आजाऱ्याने दार लावले तर गाणे अडते आणि ठोका आत येतो.

२०१४ साली साताऱ्यात गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीच्या वेळी एक जुनी भिंत कोसळून तीन जणांचा मृत्यू झाला. दोष डॉल्बीच्या हादऱ्यांना दिला गेला आणि डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाच्या मागणीने जोर धरला. ध्वनीने भिंत पडू शकते का? आकडे पाहू. १३० डेसिबल, म्हणजे कानाला वेदना होणारा आवाज, यात हवेचा दाब सुमारे ६३ पास्कलने वरखाली होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर साधारण तेवढाच, ६० पास्कलचा दाब देतो. असा वारा साताऱ्यात दर वळवाला सुटतो आणि भिंती पडत नाहीत. तेव्हा धड भिंत ध्वनीने पडणार नाही, हे खरे. पण वारा एका दिशेने ढकलतो. ध्वनी सेकंदाला पन्नास वेळा ढकलतो आणि ओढतो, तोही तासन्‌तास. पावसाळाभर भिजलेल्या, दगड-मातीच्या, सांधे सुटलेल्या भिंतीतील एखाद्या सैल दगडाला घर्षणानेच धरून ठेवलेले असते, आणि घर्षणाला सततच्या थरथरीसारखा वैरी नाही. चाळणी हलवली की धान्य कसे खाली सरकते ते आठवावे. मोडकळीला आलेल्या भिंतीच्या बाबतीत हा धोका आम्ही हसण्यावारी नेणार नाही.

आता कायद्याचे मापक. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि सार्वजनिक जागी लाऊडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतले जे कमी असेल ते. पण हे डेसिबल ‘ए’ प्रकारचे आहेत, आणि हा ‘ए’ म्हणजे काय हे फार थोड्यांना माहीत असते. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसांना निरनिराळे स्वर ऐकवून दाखवले, की १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा हळू स्वर जितका मोठा वाटतो, तितकाच वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७० डेसिबल लागतात. म्हणजे खालच्या स्वरांना कान मंद आहे. ही मंदता नकलून मापकात एक गाळणी बसवली गेली, तिचे नाव ‘ए’. ती १२५ हर्ट्झला १६ डेसिबल वजा करते, ६३ ला २६, ५० ला ३० आणि ३१.५ ला ३९.

परिणाम काय होतो? ५० हर्ट्झचा नुसता ठोका १०५ डेसिबलचा असला, तरी पोलिसांच्या हातातला मापक ७५ दाखवील. ही गाळणी हळू आवाजांवरून बेतलेली आहे. आवाज मोठा होत गेला की कानाची खालच्या स्वरांबाबतची मंदता कमी होते, पण गाळणी तेवढीच वजाबाकी करत राहते. ‘ए’ गाळणी अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. बहिरेपणाचा धोका मोजायला ती बऱ्यापैकी चालते, कारण आतील कानाच्या पेशींना मधल्या आणि वरच्या कंप्रतांचीच इजा अधिक होते. पण खिडकीची तावदाने, पत्रे, तान्ह्या मुलाची झोप आणि जुन्या वाड्याची भिंत यांना ती गाळणी बसवलेली नाही.

बहुतेक ध्वनिमापकांवर ‘ए’च्या शेजारी ‘सी’ अशी दुसरी कळ असते. ती खालचे स्वर जवळजवळ जसेच्या तसे मोजते. ५० हर्ट्झला तिची वजाबाकी दीड डेसिबलसुद्धा नसते. एकाच जागी दोन्ही कळांवर वाचन घ्यावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, तर आवाज मुख्यतः माणसांचा, ताशाचा, झांजांचा आहे. ‘सी’चा आकडा पंधरा-वीसने जास्त आला, तर समोर खर्ज आहे. शाळेच्या विज्ञान मंडळाने येत्या गणेशोत्सवात एकाच चौकात ढोल-ताशा पथक आणि डॉल्बी यांची अशी दुहेरी वाचने घेऊन तक्ता करावा. मात्र त्यासाठी खरा ध्वनिमापक मिळवावा. मोबाइलवरच्या ध्वनिमापनाला खालच्या स्वरांच्या बाबतीत भरवसा नसतो. वाचने घेणाऱ्या मुलांच्या कानांत कापसाचे नव्हे, तर रबरी बोळे असावेत.